पहिल्या शस्त्रक्रियेने समाधान झाले नाही; नाकाची शस्त्रक्रिया पुन्हा करून घ्यावी का?

कारेलीबागेतली शिक्षिका (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी बडोद्यात कारेलीबागेत राहते, माझे वय ३१ वर्षे आहे आणि मी एका शाळेत गणित शिकवते. माझ्या नाकाच्या मधोमध हाडाचा उंचवटा होता आणि लहानपणी घसरगुंडीवरून तोंडावर पडल्यामुळे आतला पडदाही डावीकडे झुकलेला होता. चौदा महिन्यांपूर्वी एका खाजगी रुग्णालयात मी या दोन्हींसाठी एकाच वेळी शस्त्रक्रिया करून घेतली. हा निर्णय मी कोणाच्या सांगण्यावरून घेतला नव्हता. तीन वर्षे विचार करून, पगारातून दरमहा पैसे बाजूला टाकून घेतला होता, आणि म्हणूनच त्याचा परिणाम मनासारखा झाला नाही हे दुःख मला कोणाजवळ मोकळेपणाने बोलूनही दाखवता येत नाही.

उंचवटा गेला, हे खरे आहे. पण नाकाच्या शेंड्याच्या किंचित वर एक गोल फुगवटा राहिला आहे, आणि बाजूने पाहिले असता नाक पोपटाच्या चोचीसारखे खाली वळल्यासारखे दिसते. डाव्या नाकपुडीची कड उजवीपेक्षा वर ओढली गेली आहे. दिवाळीत नथ घातली तेव्हा ती ओठाकडे न झुकता बाहेरच्या बाजूला तिरकी उभी राहिली, आणि मी ती लगेच काढून डबीत ठेवून दिली. याहून मोठी गोष्ट अशी की पडदा वाकडा असतानाही पूर्वी मला बऱ्यापैकी श्वास घेता येत असे. आता जिना चढताना किंवा जोराने श्वास ओढताना उजवी बाजू आतल्या आत चिकटते. सकाळी अनुलोम-विलोम करायला बसले की डाव्या आणि उजव्या बाजूंतला फरक स्पष्ट जाणवतो. सलग चार तास शिकवल्यावर घसा कोरडा पडतो, कारण नकळत मी तोंडानेच श्वास घेत असते.

ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली ते सूज उतरेल, थांबा, एवढेच सांगतात. दुसऱ्या एका सर्जनांनी बरगडीची कूर्चा, म्हणजे हाडासारखा पण लवचीक असलेला भाग, काढून नाक नव्याने बांधावे लागेल असे सांगितले. ते ऐकून मी घरी येईपर्यंत रिक्षात रडत होते. तिसऱ्या ठिकाणी फिलरचे, म्हणजे त्वचेखाली भर घालणाऱ्या द्रव्याचे, इंजेक्शन देऊन अर्ध्या तासात काम होईल, असे सांगण्यात आले. आईचे म्हणणे असे की एकदा सुरी लावून पाहिली तेवढे पुरे, आता नाकाला हात लावू नकोस. येत्या वैशाखात धाकट्या भावाचे लग्न आहे, आणि त्याआधी हे सगळे मार्गी लागावे असे मला मनापासून वाटते.

आणखी किती थांबावे, बरगडीपर्यंत जाण्याची खरोखर गरज असते का, आणि ज्यांनी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून घेतली त्यांना तिचा काय अनुभव आला, हे कृपया सविस्तर लिहावे.

मांजलपूरचा वाचक

ताई, मी दुसरी शस्त्रक्रिया करून घेतलेला माणूस आहे. पोलो ग्राउंडवर खेळताना चेंडू लागून माझे नाक मोडले होते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर नाकाचा मधला भाग खचला आणि श्वासही कोंडू लागला. दुसरी शस्त्रक्रिया पावणेदोन वर्षांनी झाली आणि तिला आता तीन वर्षे उलटून गेली आहेत, म्हणून काहीशा अंतरावरून लिहू शकतो.

सर्वांत आधी पहिल्या रुग्णालयाकडून तुमची सगळी कागदपत्रे मागून घ्या, आणि केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. शस्त्रक्रियागृहात काय केले त्याची तपशीलवार नोंद, म्हणजे ऑपरेशन नोट, मिळवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेत असे स्पष्ट आहे की रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावीत, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवाव्यात. तुम्हाला चौदा महिने झाले आहेत, म्हणजे अजून वेळ आहे. पण मागणी लेखी करा आणि पोच घ्या. माझ्या बाबतीत या एका कागदाने सगळा बेत बदलला. नव्या सर्जनांचा आधी असा अंदाज होता की पडद्यातली कूर्चा शिल्लक असेल आणि तीच वापरता येईल. नोंद वाचल्यावर कळले की तिचा मोठा भाग पहिल्याच वेळी काढून झाला होता. ही गोष्ट टेबलावर भूल दिल्यानंतर कळली असती, तर बरगडीसाठी माझी संमतीही त्यांच्याकडे नसती.

बरगडीविषयी तुम्हाला भीती वाटली, ती मी समजू शकतो. माझ्या छातीवर उजव्या बाजूला दोन बोटे रुंदीचा व्रण आहे. खरे सांगायचे तर पहिले दहा दिवस नाकापेक्षा छातीच जास्त दुखली. खोकला आला की उशी पोटाशी धरून बसावे लागे आणि तीन आठवडे कुशीवर झोपता आले नाही. नाकावरचा साचा सातव्या दिवशी निघाला. चष्म्याचा भार सहा आठवडे नाकावर द्यायचा नव्हता, म्हणून मी तो कपाळावर चिकटपट्टीने अडकवून कार्यालयात जात होतो. शेंडा आणि वरचा ओठ कित्येक महिने बधिर होते, हसताना ओठ ताणल्यासारखा वाटे.

एक गोष्ट मात्र मला कोणी आधी सांगितली नव्हती, आणि ती तुम्हाला कळावी म्हणून मुद्दाम लिहितो. बरगडीच्या कूर्चेने बांधलेले नाक ताठ असते. शेंडा बोटाने दाबला तर पूर्वीसारखा दबत नाही, रुमालाने नाक पुसताना ते हातातल्या लाकडी वस्तूसारखे लागते, आणि माझी चार वर्षांची मुलगी लाडात येऊन नाक ओढते तेव्हा मला आजही चेहरा मागे घ्यावा लागतो. माझा श्वास पूर्ण मोकळा झाला. रूप सुधारले, पण मनात जे नाक होते ते काही आरशात आले नाही. तरीही मी समाधानी आहे, आणि त्याचे कारण श्वास आहे. केवळ रूपासाठी गेलो असतो, तर असेच लिहिले असते की नाही, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे.

रावपुऱ्यातल्या निवृत्त परिचारिका

मुली, मी तीस वर्षांहून अधिक काळ कान-नाक-घसा विभागात आणि शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून काम केले. मी डॉक्टर नाही आणि तुझे नाक न पाहता निदान करणे योग्यही नाही. पण तुला मिळालेली तीन उत्तरे वेगवेगळी का आहेत, ते मला समजावून सांगावेसे वाटते. त्या तिघांनी तीन निरनिराळ्या तक्रारींना उत्तरे दिली आहेत. तुझ्या प्रश्नात फुगवटा, नाकपुडीची कड आणि श्वास अशा तीन गोष्टी एकत्र गुंतल्या आहेत, आणि त्यांची कारणे, त्यांचा काळ आणि त्यांचे उपाय एकसारखे नाहीत.

फुगवट्याविषयी आधी लिहिते. नाकाची त्वचा सगळीकडे सारखी नसते. हाड आणि कूर्चा जिथे मिळतात तिथे ती सर्वांत पातळ असते आणि शेंड्याच्या आसपास जाड. जाड त्वचेची सूज उतरायला वर्ष, दीड वर्ष सहज लागते. म्हणूनच दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी किमान एक वर्ष, आणि शेंड्याच्या तक्रारी असल्यास त्याहूनही अधिक थांबावे, असे जाणते सर्जन सांगतात. तेव्हा तुझ्या पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. फक्त ते अपुरे आहे. कारण शेंड्याच्या वरचा फुगवटा सुजेखेरीज आणखी तीन कारणांनी राहू शकतो. त्वचेखाली राहिलेल्या पोकळीत व्रणाची ऊती भरली, तर तो हाताला मऊसर लागतो. पडद्याची वरची कड तिथे पुरेशी खाली घेतली गेली नसेल, तर तो टणक लागतो. आणि तिसरा प्रकार असा की फुगवटा जागच्या जागीच असतो, पण शेंड्याचा आधार सुटून शेंडाच खाली बसतो आणि त्यामुळे वरचा भाग उंच वाटू लागतो. पहिल्या प्रकारात ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचे अल्प मात्रेतले इंजेक्शन आणि रात्री पट्टी लावणे यांनी फरक पडू शकतो, मात्र ते सुरुवातीच्या महिन्यांत अधिक उपयोगी पडते, आणि मात्रा जास्त झाली तर त्वचा पातळ होऊन खड्डा पडतो. दुसऱ्या प्रकारात काढून टाकायचे असते. तिसऱ्यात मात्र काहीही न काढता शेंड्याला आधार देऊन तो उचलायचा असतो. कारण न ओळखता तिसऱ्या प्रकारावर दुसऱ्याचा उपाय केला, तर नाक आणखी खचते. मी हे होताना पाहिले आहे, म्हणून इतके लांबवून लिहिते.

आता श्वास. नाकपुडीच्या थोडे आत, पडदा आणि बाजूची वरची कूर्चा यांच्यामध्ये एक अरुंद खिंड असते. तिला नाकाची आतली झडप म्हणतात आणि तिथला कोन साधारण १० ते १५ अंशांचाच असतो. नाकातून जाणाऱ्या हवेचा सर्वांत अरुंद रस्ता तोच. हाडाचा उंचवटा काढताना त्या बाजूच्या कूर्चेचा पडद्याशी असलेला जोड सुटतो. तो पुन्हा नीट बांधला नाही, तर कूर्चा हळूहळू आत सरकते आणि श्वास ओढताना भिंत आत खेचली जाते. तू जे वर्णन केले आहेस ते याच्याशी जुळते, आणि असे असेल तर ते सुजेप्रमाणे वाट पाहून बरे होणारे नाही. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंना कूर्चेच्या पातळ पट्ट्या बसवून ती खिंड रुंद करणे. सर्जन त्यांना स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात.

घरी दोन गोष्टी करून पाहा. उजव्या गालावर, नाकाच्या शेजारी बोट ठेवून गाल हळूच बाहेरच्या बाजूला ओढ आणि श्वास घे. श्वास एकदम मोकळा झाला, तर अडथळा बहुधा झडपेपाशी आहे. याला कॉटलची चाचणी म्हणतात, आणि तिच्यावरून शेवटचा निष्कर्ष काढत नाहीत, पण दिशा कळते. दुसरे असे की औषधांच्या दुकानात नाकावर बाहेरून चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, त्या आठ रात्री लावून झोप आणि सकाळी घसा कोरडा असतो की नाही ते वहीत लिहून ठेव. आमच्या वेळी थंड स्टीलची पट्टी नाकाखाली धरून दोन्ही नाकपुड्यांच्या वाफेचे डाग किती मोठे पडतात ते पाहत असत. साधी स्टीलची ताटलीही तेच दाखवते. या नोंदी डॉक्टरांकडे घेऊन जा. श्वासाच्या त्रासाचे मोजमाप करणारी पाच प्रश्नांची एक ठरलेली प्रश्नावलीही असते, तिचे गुण शंभरापैकी काढतात. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ती भरून घेणारा सर्जन मिळाला, तर तो श्वासाकडे लक्ष देणारा आहे असे समज.

बरगडी का, हा तुझा प्रश्न अगदी योग्य आहे. नाक दुरुस्त करायला लागणारा माल शरीरातूनच घ्यायचा असतो. पहिली पसंती नेहमी पडद्याच्या कूर्चेला असते, कारण ती सरळ, ताठ आणि हाताशी असते; पण नाक उभे राहावे म्हणून पडद्याचा वरचा आणि पुढचा भाग मिळून सुमारे एक सेंटिमीटर रुंदीचा काटकोनी पट्टा जागेवर ठेवावाच लागतो, आणि उरलेल्यातूनच काय ते काढता येते. ते पहिल्या वेळीच काढून झाले असेल, तर ती कोठी रिकामी. दुसरी जागा कानाची वाटी. तिथली कूर्चा काढल्याने कानाचा आकार बिघडत नाही, व्रण कानामागे लपतो, आणि ती वाकलेली व लवचीक असल्यामुळे नाकपुडीची कड खाली आणायला, म्हणजे तुझ्या नथेच्या तक्रारीला, ती फार चांगली. पण सरळ आधार द्यायला ती कमी पडते. मग बरगडी येते. तिथे माल भरपूर असतो. मात्र कोरल्यानंतर तो वाकण्याची शक्यता राहते, आणि काढताना फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडण्याचा क्वचित घडणारा धोका असतो, म्हणून जखम बंद करण्याआधी तिच्यात पाणी भरून, फुप्फुसे फुगवून बुडबुडे येतात का ते आम्ही पाहत असू. तेव्हा बरगडी सुचवणारा सर्जन तुला घाबरवत होता असे समजू नकोस. पण ऑपरेशन नोट न वाचता, आत दुर्बिणीने न पाहता आणि बोटाने पडदा न चाचपता सुचवली असेल, तर त्यांना कारण विचार. मांजलपूरच्या दादांनी कागदांविषयी लिहिले ते शब्दशः पाळ.

या विषयाचा आपल्या लोकांशी जुना संबंध आहे, तोही सांगते. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या एका मराठी बैलगाडीवानाचे नाक पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेतून नव्याने घडवले गेले, आणि ती हकीकत १७९४ सालच्या ऑक्टोबरात लंडनच्या एका मासिकात छापून आली. ती वाचून तिथले सर्जन ही विद्या शिकले. पण त्या काळी बनवलेली नाके कालांतराने आक्रसत असत, कारण बाहेर कातडे असले तरी आत अस्तर आणि कूर्चेचा सांगाडा नसे. दुसऱ्या शस्त्रक्रियेत सर्जन बहुतेक वेळ ज्यावर घालवतात तो हाच सांगाडा.

गोत्रीच्या वाचक

माझ्या मावसबहिणीच्या नाकावर शस्त्रक्रियेनंतर राहिलेला खळगा फिलरच्या इंजेक्शनने भरून निघाला आणि तिला काहीही त्रास झाला नाही. इतकी मोठी शस्त्रक्रिया करण्याआधी ते करून पाहायला काय हरकत आहे? पसंत पडले नाही तर ते विरघळवताही येते, असे आम्हाला सांगण्यात आले होते.

रावपुऱ्यातल्या निवृत्त परिचारिका

तुमच्या बहिणीला त्रास झाला नाही याचा आनंद आहे, आणि हायलुरोनिक आम्लाचे फिलर हायलुरोनिडेजने विरघळवता येते हेही खरे आहे. परंतु या मुलीसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. एकदा उघडलेल्या नाकातल्या रक्तवाहिन्या पूर्वीच्या जागी राहिलेल्या नसतात, व्रणामुळे त्वचा खाली चिकटलेली असते आणि आत टोचलेले द्रव्य पसरायला जागा नसते. ते रक्तवाहिनीत गेले किंवा तिच्यावर दाब आला, तर त्वचेचा तुकडा काळा पडून मरू शकतो. आणि नाकाच्या रक्तवाहिन्यांचे डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांशी संधान असल्यामुळे दृष्टी गेल्याच्या घटनाही वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. त्यातून तिची तक्रार खळग्याची नसून फुगवट्याची आहे. फुगवट्याच्या वर भर घालून रेषा सरळ दिसेल, पण नाक मोठे होईल आणि उजवी बाजू मोकळी होणार नाही ती नाहीच. अर्ध्या तासात काम होईल असे म्हणणाऱ्याने श्वासाविषयी एक तरी प्रश्न विचारला होता का, हे तिने आठवून पाहावे.

अलकापुरीचा वाचक

मी विमा क्षेत्रात काम करतो, म्हणून केवळ खर्चाच्या बाजूविषयी लिहितो. आरोग्य विम्याच्या पॉलिसींमध्ये केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा वैद्यकीय गरज म्हणून केलेली शस्त्रक्रिया मात्र त्या वगळणुकीत येत नाही. त्यामुळे श्वासाचा अडथळा तपासणीत सिद्ध झाला आणि डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहिले, तर त्या भागाच्या खर्चासाठी पूर्वमंजुरी मागता येते, आणि ती शस्त्रक्रियेच्या आधीच मागावी. बिलात दोन्ही कामांची रक्कम वेगळी दाखवायला सांगा. सौंदर्याच्या शस्त्रक्रियेवर वस्तू व सेवा कर लागतो आणि तो १८ टक्के आहे. जन्मजात व्यंग, वाढीतले दोष किंवा इजा यांमुळे केलेल्या दुरुस्तीला त्यातून सूट आहे. अंदाजपत्रकात हा कर धरलेला आहे की नाही ते लेखी घ्या. खरे काय आहे तेच लिहून घ्या, एवढी विनंती. सौंदर्याचे काम पडद्याचे म्हणून दाखवण्याचा सल्ला कोणी दिला, तर पुढे दावा फेटाळला जाण्याची नामुष्की रुग्णावरच येते.

दांडिया बाजारची वाचक

मी दुसरी शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय घेतला, म्हणून माझीही बाजू येथे असावी असे वाटले. माझ्या नाकाचा शेंडा किंचित डावीकडे आहे. दीड वर्ष मी दिवसातून कितीतरी वेळा मोबाईलवर स्वतःचे छायाचित्र काढून ते मोठे करून पाहत असे. चेहऱ्यापासून १२ इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाक पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणिताने दाखवले आहे. ते वाचल्यावर मी बहिणीला पाच फुटांवर उभे करून छायाचित्रे काढायला लावली आणि पहिल्यांदा माझे नाक इतर लोक पाहतात तसे पाहिले. वाकडेपणा होता, पण मी मानत होते तितका नव्हता. ज्या सर्जनांनी मला नकार दिला, त्यांनीच एका समुपदेशकांकडे जायला सुचवले होते. तेव्हा तो अपमान वाटला. आज वाटते की माझ्या बाबतीत तो नकार हाच खरा उपचार होता.

तुमची गोष्ट वेगळी आहे, कारण तुमचा श्वास अडतो आणि तो अडथळा छायाचित्रातला नाही. पण नाकाचा विचार दिवसातले किती तास घेतो, आरसा टाळण्यासाठी किंवा गाठण्यासाठी तुम्ही कामे बदलता का, हे स्वतःशी प्रामाणिकपणे मोजून पाहा. आणि लग्नाची तारीख समोर ठेवून नाकाची तारीख ठरवू नका. दुसऱ्या शस्त्रक्रियेची सूज पहिल्यापेक्षा हळू उतरते. वैशाखातल्या छायाचित्रांत तुम्ही आहात त्याहून सुजलेल्या दिसाल.

कारेलीबागेतली शिक्षिका

आपण सर्वांनी जो वेळ दिलात त्याबद्दल मी अंतःकरणापासून आभारी आहे. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात सांगितलेले करून पाहिले.

लेखी अर्ज देऊन मी ऑपरेशन नोट मिळवली. तीत असे आहे की उंचवटा काढला, पडद्याचा वाकडा भाग काढला आणि त्यातलाच एक तुकडा शेंड्याखाली आधार म्हणून बसवला. बाजूच्या कूर्चा पडद्याला पुन्हा जोडल्याचा किंवा पट्ट्या बसवल्याचा उल्लेख कुठेही नाही. गाल बाहेर ओढून पाहिल्यावर उजवा श्वास एकदम मोकळा होतो. पहिल्यांदा करून पाहिले तेव्हा, इतक्या महिन्यांनी तसा श्वास आल्यामुळे, मी काही वेळ तशीच गालावर बोट ठेवून बसून राहिले. पट्टी लावलेल्या आठ रात्रींपैकी सहा रात्रींनंतर सकाळी घसा कोरडा नव्हता. सयाजी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दुर्बिणीने तपासून घेतले, आणि झडप अरुंद झाली असल्याचे तिथे लिहून मिळाले. फुगवटा बोटाला टणक लागतो की मऊ, हे मला ठरवता आले नाही. ते मी सर्जनांवर सोपवते. फिलरवाल्या ठिकाणी मला श्वासाविषयी एकही प्रश्न विचारला गेला नव्हता.

आईला मी सगळे कागद वाचून दाखवले. श्वासाचा भाग ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, की हे तू मला आधी का सांगितले नाहीस. मी तिला नेहमी फक्त फुगवट्याविषयीच बोलत आले होते.

लग्नाआधी काहीही करायचे नाही, असे ठरवले आहे. पावसाळा संपल्यावर, म्हणजे शस्त्रक्रियेला दोन वर्षे होत आली असतील तेव्हा, अशा सर्जनांकडे जाईन जे रूप आणि श्वास दोन्हींकडे एकत्र पाहतात, आणि बरगडीला संमती कोणत्या परिस्थितीत द्यायची, हे त्यांच्याशी आधीच बोलून लिहून घेईन. काकू, एक शेवटचा प्रश्न: लग्नात चापाची नथ घातली तर चालेल का?

रावपुऱ्यातल्या निवृत्त परिचारिका

घाल, अवश्य घाल. चाप फार घट्ट नसलेली हलकी नथ घे, वर ओढल्या गेलेल्या कडेवर न लावता थोडी पुढे, शेंड्याच्या बाजूला लाव, आणि मुहूर्त व छायाचित्रे आटोपली की काढून ठेव. कडेवर लाल वळ उठला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घालू नकोस. त्या जागची त्वचा पुढच्या शस्त्रक्रियेत सर्जनांना धडधाकट हवी असते. आणि ऑपरेशन नोटची झेरॉक्स जवळ ठेव, मूळ प्रत कोणालाही देऊ नकोस.